क्रमांक ३७ आणि फाइल मॅनेजरमधील सूचनापट्टी

दिनांक : २५ जुलै, शनिवार

प्रति,
मा. विभागप्रमुख,
अभिलेख व ओळख विभाग,
मध्यवर्ती शवागार, दुसरा मजला.

अर्जदार : वरिष्ठ लिपिक, ओळख कक्ष, तळमजला, खोली क्र. ४.

विषय : ओळख कक्षातील लिनक्स संगणकाच्या फाइल मॅनेजरमध्ये आपोआप उमटणारी सूचनापट्टी कायमची काढून टाकणेबाबत, आणि त्या पट्टीमुळे घडलेल्या चुकीची नोंद घेणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, दि. १० फेब्रुवारी, ३ मार्च व २० एप्रिल.
२) 'पट्टी नोंदवही'बाबतचे आपले परिपत्रक, दि. १७ फेब्रुवारी.
३) आपले कारणे दाखवा ज्ञापन, दि. १४ जुलै.

महोदय,

१. उपरोक्त विषयी अर्जदार सविनय सादर करतो की, याच विषयावरील हा त्याचा चौथा अर्ज आहे. पहिले तीन एकेका पानाचे होते. हा मोठा आहे आणि तो शेवटपर्यंत वाचला जावा, एवढीच सुरुवातीची विनंती आहे. अर्जदार स्वतःचा उल्लेख सर्वत्र 'अर्जदार' असाच करणार आहे. कार्यालयीन पद्धत तशी आहे हे एक कारण. दुसरे कारण असे की, पुढे जे लिहायचे आहे ते 'मी केले' असे लिहायला हात धजावत नाही.

२. अर्जदार ओळख कक्षात अकरा वर्षे काम करीत आहे. ज्यांचे माणूस हरवले आहे असे नातेवाईक या कक्षात येतात. अर्जदार त्यांना हरवलेल्या माणसाचे वय, उंची, कपडे आणि अंगावरच्या खुणा विचारतो. शवागारातील मदतनिसाने लिहिलेल्या वर्णनवहीशी ते ताडून पाहतो, आणि जुळणारा क्रमांक सापडला तर तेवढाच एक फोटो दाखवतो. फोटोत गळ्यापर्यंत चादर आणि वर फक्त चेहरा असतो. हे फोटो कॅमेऱ्याच्या मूळ मेमरी कार्डावरच राहतात, कारण नियमाप्रमाणे त्यांची प्रत काढता येत नाही. दर तिमाहीला एक नवे कार्ड असते आणि क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. फाइल मॅनेजरमध्ये फोटोंची छोटी चित्रे दिसत नाहीत, नुसती क्रमांकांची यादी दिसते. आपले माणूस शोधायला आलेल्याला परक्यांचे पन्नास चेहरे बघावे लागू नयेत, हा त्यामागचा विचार आहे, आणि तो आपल्याच विभागाने केलेला आहे हे अर्जदार कृतज्ञतेने नमूद करतो.

३. अर्जदारास हे काम ज्यांनी शिकवले त्यांना सगळे थोरले बाबू म्हणत. त्यांचा एक दंडक होता. संगणकाचा पडदा फिरत्या स्टँडवर बसवलेला आहे. यादीतल्या क्रमांकावर दोनदा क्लिक करायचे आणि फोटो उघडण्याच्या आत पडदा नातेवाइकाकडे वळवायचा. आपण पडद्याकडे बघायचे नाही, समोरच्या माणसाकडे बघायचे. "फोटो कुठे पळून जात नाही. माणूस खुर्चीवरून खाली जातो," असे ते म्हणत. त्यांचे खरे होते. अकरा वर्षांत अर्जदाराने नऊ जणांना पडता पडता धरले आहे. शिवाय ओळख नातेवाइकानेच पटवायची, लिपिकाने त्यात नाक खुपसायचे नाही, असा नियमही आहे. त्यामुळे फोटो न पाहणे ही अर्जदाराची सवयच झाली. हातही असा बसला की फोल्डर उघडल्यापासून पडदा वळवेपर्यंत त्याला दोन सेकंद लागत नसत. नवीन लोकांना तो ही करामत मुद्दाम दाखवायचा. त्याला त्याचा गर्व होता, हेही इथेच सांगून टाकलेले बरे.

४. जानेवारीत कक्षातला जुना संगणक गेला आणि लिनक्सचा नवा आला. संगणकाबद्दल तक्रार नाही. तो अडत नाही, बंद पडत नाही. तक्रार पट्टीची आहे. कार्ड घालून फोल्डर उघडले की क्रमांकांची यादी लगेच दिसते. साधारण सेकंदभराने यादीच्या डोक्यावर एक पिवळी पट्टी येते. तिच्यावर लिहिलेले असते, 'या साधनावर डिजिटल छायाचित्रे आहेत', आणि उजव्या टोकाला एक लांबलचक बटण असते, 'छायाचित्र संग्रहात उघडा'. आपल्या कोऱ्या फॉर्मचे 'नमुने' फोल्डर उघडले तर तिथेही पट्टी येते आणि हे नमुने कशासाठी वापरायचे ते आपल्याला शिकवते. कचरापेटी उघडली तर ती रिकामी करायची का, म्हणून विचारते. अर्जदाराच्या लहानपणी त्याच्या आत्याबाई राहायला येत, तेव्हा त्याही अशाच प्रत्येक खोलीच्या दारात उभ्या राहून आत काय आहे ते घरच्यांनाच सांगत. आत्याबाई चार दिवसांनी परत तरी जात.

५. दि. ६ फेब्रुवारी रोजी एक निवृत्त बसचालक आपल्या पत्नीच्या शोधात आले. वर्णन यादीतल्या पहिल्याच क्रमांकाशी जुळत होते. अर्जदाराने नेहमीच्या वेगाने क्लिक केले आणि पडदा वळवला. क्लिक करता करताच पट्टी आली होती. पहिला क्रमांक खाली सरकला होता, आणि त्याच्या जागी पट्टीवरचे बटण येऊन बसले होते. छायाचित्र संग्रह उघडला आणि कार्डावरचे सगळे चेहरे एकामागून एक, तीन-तीन सेकंदांनी दाखवू लागला. अर्जदार दंडकाप्रमाणे बसचालकांच्या चेहऱ्याकडे बघत होता. एक फोटो बघायला माणसाला इतका वेळ लागत नाही, आणि ठरावीक वेळाने त्यांचे डोळे पुन्हा पुन्हा का दचकतात, हे त्याच्या उशिरा लक्षात आले. तोवर बावीस फोटो होऊन गेले होते. ते गृहस्थ रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "साहेब, एवढी माणसं हरवतात?" त्यांची पत्नी त्या बावीस जणांत नव्हती.

६. त्यानंतर अर्जदाराने पहिला अर्ज केला. आपण तातडीने दखल घेतलीत, हे मान्य केलेच पाहिजे. आठवड्याभरात परिपत्रक निघाले. पडद्यावर उमटणारी कोणतीही पट्टी, ती उपयोगी असो वा निरुपयोगी, दिनांक, वेळ आणि तंतोतंत मजकूर 'पट्टी नोंदवही'त लिहून मुख्य लिपिकांची आद्याक्षरी घेतल्याशिवाय बंद करू नये, असा आदेश झाला. मुख्य लिपिक दुसऱ्या मजल्यावर बसतात. समोर बसलेल्या माणसाला "जरा थांबा, एक सही घेऊन येतो" असे सांगून जिना चढायचा हे काही शोभत नाही. म्हणून पट्टी तशीच राहू लागली आणि नोंदी दुपारी एकदम होऊ लागल्या. आजअखेर ४१२ नोंदी झाल्या आहेत. मजकूर प्रत्येक नोंदीत तोच आहे.

दुसऱ्या अर्जावर, पट्टीची छापील प्रत तीन प्रतींत जोडावी असे उत्तर आले. ती जोडली. तिसऱ्या अर्जावर, बाब तांत्रिक असल्याने संगणक कक्षाकडे वर्ग केली, असे कळवण्यात आले. त्या कक्षातून तंत्रज्ञ आले. कोणत्याही दुखण्यावर त्यांचा एकच इलाज असल्यामुळे आम्ही सगळे त्यांना 'बंद-चालू' म्हणतो. त्यांनी संगणक बंद केला, चालू केला, आणि पट्टी परत आली. ते म्हणाले, "काका, पट्टी काही चावत नाही. फुली मारायची नि पुढं जायचं." फुली मारायला वही लागते, हे सांगितल्यावर ते पोटभर हसले. पट्टी काढता येते, पण सेटिंग सगळ्या विभागाची एकच आहे आणि त्यासाठी मोठ्या साहेबांचे पत्र लागेल, एवढे सांगून ते गेले. ते पत्र आजतागायत निघालेले नाही.

७. पहिल्या क्रमांकाच्या वेळी पट्टी येईपर्यंत थांबायचे, हे अर्जदाराने फेब्रुवारीपासून कटाक्षाने पाळले. बाकीच्या क्रमांकांचे काय होत असेल, हा विचार मात्र त्याच्या मनाला शिवला नाही. पट्टी सगळीच यादी एक ओळ खाली ढकलते, हे त्याला दिसत होते. पण जे रोज दिसते त्याकडे माणूस बघत नाही. इथे अर्जदाराची अक्कल कमी पडली. हा दोष त्याचा आहे, पट्टीचा नाही.

८. दि. २ जून, मंगळवार. शिवणकाम करणाऱ्या एक बाई आपल्या धाकट्या भावाच्या शोधात आल्या. भाऊ सव्वीस वर्षांचा, नळदुरुस्तीचे काम करणारा. मे महिन्यात कामावर म्हणून गेला तो परतला नव्हता. अर्जदाराने खूण विचारली. त्या म्हणाल्या, "दादा, अंगावर खूण अशी काही नाही. पण त्याचे शर्ट मीच शिवते. शेवटची गुंडी मी नेहमी तांबड्या दोऱ्यानं लावते. तो मला चिडवायचा, म्हणायचा, ही तुझी सही." अर्जदाराने वर्णनवही उघडली. क्रमांक ३७ : पुरुष, अंदाजे पंचवीस, पांढरा शर्ट, शेवटची गुंडी तांबड्या दोऱ्याने. मदतनिसाच्या बारीक नजरेला अर्जदाराने मनात हात जोडले. अकरा वर्षांत एवढे चोख जुळलेले वर्णन त्याने पाहिले नव्हते. त्याने क्लिक केले, पडदा वळवला आणि बाईंच्या मागे पाण्याचा पेला घेऊन उभा राहिला.

त्या पडल्या नाहीत. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा नाही. हा कुणीतरी थोराड माणूस आहे."

आता जे अर्जदाराने केले ते आपण नीट वाचावे. त्याने त्यांचे ऐकले नाही. "ताई, गेल्यावर चेहरा बदलतो. घाई करू नका, परत बघा," असे त्याने सांगितले. असे सांगायची पद्धत आहे, कारण आपले माणूस गेले हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो. बाई परत बघू लागल्या. एका परक्या माणसाच्या चेहऱ्यात त्या आपला भाऊ शोधत राहिल्या, आणि अर्जदार मागे उभा राहून त्यांना शोधायला लावत राहिला. शेवटी त्यांनी वहीत सही केली : 'क्र. ३७ पाहिला, ओळख पटली नाही.'

९. पुढच्या मंगळवारी, ९ जूनला, त्या आपणहून आल्या. म्हणाल्या, "परत एकदा दाखवा. दोऱ्याचं मनातून जात नाही. माझंच चुकलं असेल." अर्जदाराने तोच क्रमांक, त्याच वेगाने दाखवला. पुन्हा तसेच झाले, पुन्हा सही झाली. १६ जूनला त्या तिसऱ्यांदा आल्या. त्या दिवशी त्यांनी पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेले होते. "कपाळ थोडं त्याच्यासारखं वाटतंय," म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला आता काहीच कळेनासं झालंय." वहीत तिसरी सही झाली. दि. २९ जून रोजी मुदत संपली म्हणून क्रमांक ३६ आणि ३७ या दोघांचेही शहराबाहेरच्या दफनभूमीत, बेवारस म्हणून, क्रमांकाच्या पाटीखाली दफन झाले.

१०. दि. ९ जुलै, गुरुवार. पडद्याचा फिरता स्टँड अडकला, वळेना. एक वयस्क जोडपे आले होते. नाइलाजाने अर्जदाराने त्यांच्या खुर्च्या आपल्या बाजूला ओढल्या आणि त्यांच्याबरोबर त्यालाही पडदा बघावा लागला. त्याने क्रमांक ९ वर क्लिक केले. उघडलेल्या फोटोच्या माथ्यावर बारीक अक्षरांत क्रमांक होता ८.

क्लिक होण्याच्या आत पट्टी आली होती, यादी एक ओळ खाली सरकली होती, आणि नऊच्या जागी आठ येऊन बसला होता. त्या जोडप्याला त्याने क्षमा मागून योग्य फोटो दाखवला. ते गेल्यावर दार लावून घेतले. मागच्या तिमाहीचे कार्ड घालून, पट्टी पूर्ण येऊ देऊन, क्रमांक ३७ उघडला, आणि शिवणकाम करणाऱ्या बाईंनी फॉर्मला लावलेला भावाचा फोटो पडद्याशेजारी धरला. दोन्ही चेहरे एकच होते. ज्याचा फोटो इतक्या वेळा दाखवला असे वहीत लिहिले आहे, तो मुलगा कोणीही एकदाही पाहिलेला नव्हता.

११. याचा हिशेब अर्जदाराने नंतर मांडला. जानेवारीपासून कक्षात १६८ वेळा फोटो दाखवले गेले. त्यांपैकी १५१ वेळा 'ओळख पटली नाही' अशी नोंद आहे. अर्जदाराचा हात जेव्हा पट्टीच्या मागे पडला तेव्हा चुकीचा फोटो दिसला, पुढे राहिला तेव्हा बरोबर दिसला. कोणत्या वेळी काय झाले हे सांगायला त्याच्याकडे कोणताही पुरावा नाही. त्याने एवढी वर्षे फक्त माणसांचे चेहरे पाहिले होते. ते चेहरे आता त्याला एकेक करून आठवतात, आणि प्रत्येक जण 'हा नाही' असे म्हणताना किती अचूक होता, ते कळते.

१२. त्याच दिवशी, ९ जुलैला, अर्जदाराने दोन गोष्टी केल्या. पहिली, त्याने आपल्या दालनात येऊन हा सगळा प्रकार तोंडी सांगितला. आपण विचारलेत, "वहीत तिची सही आहे ना?" अर्जदार हो म्हणाला. "तीनदा आहे ना? मग आपल्या दृष्टीने तो तिचा भाऊ नाही," असे आपण म्हणालात. नोंद बदलायची असेल तर संबंधित नातेवाइकानेच अर्ज करावा लागतो, आणि कर्मचाऱ्याने नातेवाइकाशी परस्पर संपर्क साधायचा नाही, हे दोन्ही नियम आपण वाचून दाखवलेत. बाईंना काही कळल्याशिवाय त्या अर्ज कशाचा करतील, हे अर्जदाराने विचारले तेव्हा आपल्याला फोन आला.

दुसरी गोष्ट ज्ञापनात आहे. फाइल मॅनेजर कार्डावरचे फोटो ओळखतो तो कॅमेऱ्याने तयार केलेल्या 'डीसीआयएम' नावाच्या फोल्डरवरून, असे 'बंद-चालू' एकदा बोलता बोलता म्हणून गेले होते. अर्जदाराने कार्डाच्या कडेची संरक्षणाची बारीक कळ सरकवली आणि त्या फोल्डरचे नाव बदलून नुसते 'कक्ष' असे केले. कार्ड परत घातले. यादी आली. अर्जदाराने मनात साठपर्यंत मोजले. पट्टी आली नाही. पाच महिने जे तीन अर्जांनी झाले नाही ते एका नावाने झाले. 'मूळ अभिलेखाच्या नावात अनधिकृत फेरफार' असा आरोप ज्ञापनात आहे. तो शब्दशः खरा आहे आणि अर्जदारास त्यावर काहीही सांगायचे नाही. मात्र फोल्डरला जुने नाव परत देऊन, कार्ड मोहोरबंद करून चौकशीसाठी जमा केल्यामुळे, क्रमांक ३७ आता कोणालाच दाखवता येत नाही, हे निदर्शनास आणतो.

१३. गेल्या मंगळवारी, २१ जुलैला, त्या बाई चौथ्यांदा आल्या. फोटो बघायचा नाही म्हणाल्या. पिशवीतून स्वतःचे पेन काढले आणि बोलल्या, "दादा, मी सही करते. तोच असेल. आई रोज दारात उभी राहून विचारते, काही कळलं का. मी तिला सांगून टाकते की तोच होता. चेहरा बदलतो ना, तुम्हीच म्हणाला होता."

अर्जदाराच्या तोंडाला आपण वाचून दाखवलेल्या नियमाचे कुलूप होते. कार्ड जमा आहे, पुढच्या मंगळवारी या, एवढेच तो म्हणाला. त्या पेन परत पिशवीत ठेवून निघून गेल्या. अकरा वर्षांत अर्जदाराने बरीच दुःखे पाहिली. पण इतकी शरम त्याला कधी वाटली नव्हती. नियम पाळून माणूस इतका हलका पडू शकतो, हे त्याला ठाऊक नव्हते.

१४. अर्जदाराने घरी काही सांगितले नव्हते. त्याच्या पत्नीला मात्र समजले, कारण जेवताना तो ताटाकडे न बघता तिच्या चेहऱ्याकडे बघत बसला होता. तिने सगळे ऐकून घेतले. ती शाळेत शिकवते, तिला चुका बघायची सवय आहे. म्हणाली, "अहो, अर्ज लिहा, जरूर लिहा. पण त्या पोरीला कळायला अर्जाची वाट का बघायला लावताय? तुमच्या साहेबांना घाई नसेल. तिला आहे."

१५. म्हणून काल, शुक्रवारी, मधल्या सुट्टीत अर्जदार त्या बाईंच्या दुकानी गेला. जिन्याखालची जागा आहे. एक मशीन, एक आरसा आणि कापडाचे तुकडे भरलेली एक पेटी मावते. अर्जदाराने कर्मचाऱ्यांच्या संपर्काबाबतचा नियम मोडला, हे ज्ञापनात वाढवून घ्यावे. त्याने बसण्यापूर्वीच सांगितले की, चूक त्याची आहे, त्यांची नाही. त्यांनी प्रत्येक वेळी बरोबरच सांगितले होते. तो माणूस त्यांचा भाऊ नव्हताच. त्यांचा भाऊ त्याच्या पुढच्या ओळीत होता. आता तो क्रमांक ३७ च्या पाटीखाली आहे.

त्यांनी मशीनवरचा पाय काढला नाही, मशीन मात्र थांबले. अर्जदार शिव्यांची वाट बघत होता. शिव्या मिळाल्या असत्या तर बरे झाले असते. मग त्यांनी तांबड्या दोऱ्याचे रीळ उचलले, डब्यात ठेवले आणि विचारले, "शर्ट त्याच्या अंगावरच ठेवला होता का?" अर्जदाराने हो सांगितले. त्या आत जाऊन तोंड धुऊन आल्या. मग म्हणाल्या, "आईला मी आज सांगते." आणि अर्जदार उठू लागला तेव्हा त्याला थांबवून त्यांनी विचारले, "मग इतके मंगळवार मी ज्याच्या तोंडाकडे बघत बसले, त्याचं कोण आहे?"

१६. या प्रश्नाचे उत्तर कक्षाच्याच नोंदवहीत आहे. क्रमांक ३६ : पुरुष, अंदाजे पंचेचाळीस, डाव्या हाताची करंगळी अर्धी. दि. २९ मे रोजी घड्याळे दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ मुलाच्या शोधात आले होते. मुलाचे वय चव्वेचाळीस, डाव्या हाताची करंगळी अर्धी. त्यांना क्रमांक ३६ दाखवला, अशी नोंद आहे. अर्जदारास त्यांचे शब्द आठवतात. ते म्हणाले होते, "हा तर माझ्याच वयाचा आहे हो." क्रमांक ३५ ला वर्णनवहीत 'अंदाजे सत्तर' असे लिहिलेले आहे. अर्जदाराने त्यांनाही परत नीट बघायला सांगितले होते. त्यांनी सही करून पत्ता ठेवला आणि ते गेले. ते अजून वाट बघत असतील.

१७. सबब अर्जदाराच्या प्रार्थना पुढीलप्रमाणे आहेत. ओळख कक्षातील संगणकाच्या फाइल मॅनेजरमधून ही पट्टी, आणि तिच्या सगळ्या बहिणी, सेटिंगमधूनच कायमच्या काढून टाकण्याचे पत्र संगणक कक्षास आजच्या आज द्यावे. ती निघेपर्यंत कक्षात एकही फोटो दाखवला जाऊ नये. क्रमांक ३७ ची नोंद 'फोटो दाखवला गेला नव्हता' अशी दुरुस्त करावी, आणि त्या पाटीवर क्रमांकाऐवजी नाव लावायला त्याच्या बहिणीस परवानगी द्यावी. ज्या १५१ वेळा 'ओळख पटली नाही' असे लिहिले आहे, त्या सर्व नातेवाइकांना चूक कार्यालयाची होती असे स्पष्ट कळवून पुन्हा बोलवावे. अर्जदारावर जी कारवाई करायची ती करावी, पण ही पत्रे लिहून होईपर्यंत त्याला कक्षातून हलवू नये. कोण काय शोधत आले होते हे त्याला अजून आठवते, आणि ते वहीत सगळे लिहिलेले नाही.

१८. मंगळवार, दि. २८ जुलै रोजी सकाळी अकरा वाजता त्या बाई कक्षात येणार आहेत. तोपर्यंत आपली परवानगी मिळाली तर अर्जदार घड्याळवाल्या गृहस्थांकडे कार्यालयाचे पत्र घेऊन जाईल, न मिळाली तर पत्राशिवाय जाईल. कार्ड आपल्या कपाटात असल्यामुळे त्यांना दाखवायला त्याच्याजवळ काही नाही, आणि स्वतः अर्जदाराने क्रमांक ३६ चा चेहरा कधी पाहिलेला नाही. हे त्याने बाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी येते तुमच्याबरोबर. मी त्यांना सांगेन कसा होता ते. माझ्याइतका तो चेहरा कुणी बघितलेला नाही."

मंगळवारी अकरापर्यंत आपल्या उत्तराची वाट पाहणारा,

आपला नम्र,
(सही)
वरिष्ठ लिपिक, ओळख कक्ष

सोबत : १) वर्णनवहीतील क्र. ३५, ३६ व ३७ या पानांच्या प्रती.
२) 'ओळख पटली नाही' अशा १५१ नोंदींची यादी, पत्त्यांसह.
३) पट्टी नोंदवही, भरलेली.
४) दि. १४ जुलैच्या ज्ञापनाचा खुलासा, एक पान.